प्रात्यक्षिक मोहीम आणि विज्ञान मोहीम: अवकाशातला पैसा नेमका कशासाठी?

सप्टेंबर २०१४ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन यानं मंगळाच्या कक्षेत शिरली. आपल्या वेळेनुसार २२ तारखेला सकाळी अमेरिकेचं मेव्हन पोचलं आणि २४ तारखेला सकाळी आपलं मंगळयान. मेव्हनचा खर्च ६७ कोटी १० लाख डॉलर, मंगळयानाचा सुमारे ४५० कोटी रुपये. म्हणजे आपण साधारण नवव्या हिश्श्यात मंगळ गाठला. रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्तात मंगळावर, हे वाक्य तेव्हा घरोघरी पोचलं होतं.

त्या सकाळचा अभिमान मला आजही आहे. पण त्या तुलनेने आपली एक मोठी गफलत करून ठेवली. दोन्ही यानं मंगळाभोवती फिरत होती म्हणून आपण त्यांना एकाच जातीची समजलो. मंगळयान ही तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक मोहीम होती, मेव्हन ही विज्ञान मोहीम. पुढच्या दहा-वीस वर्षांत कुठल्या मोहिमांना निधी द्यायचा यावर बोलताना हा फरक डोळ्यांसमोर नसेल, तर चर्चा पहिल्याच वाक्याला भरकटते.

ओळखायची खूण सोपी आहे. यान ठरल्या जागी पोचलं, पण त्यावरची सगळी उपकरणं बंद पडली, असं समजा. तरी पैसे वसूल झाले असं म्हणता येईल का? मंगळयानाच्या बाबतीत उत्तर बऱ्याच अंशी 'हो' आहे. मेव्हनच्या बाबतीत ठाम 'नाही'.

मंगळयानाची खरी परीक्षा कुठे होती ते बघा. पृथ्वीची कक्षा सोडल्यावर यानाचं मुख्य द्रव इंजिन सुमारे ३०० दिवस झोपून होतं. इतके महिने अवकाशाच्या थंडीत पडून राहिलेलं इंजिन ऐन वेळी पेटेल का, याची खात्री कोण देणार? म्हणून २२ सप्टेंबरला ते जेमतेम चार सेकंद पेटवून पाहिलं. ते पेटलं नसतं तर आठ छोट्या इंजिनांवर काम भागवायची तयारी होती. २४ तारखेला मुख्य इंजिन वीसेक मिनिटांहून जास्त वेळ जळणार होतं आणि त्यातला काही काळ यान मंगळाच्या पाठीमागे, म्हणजे आपल्या नजरेआड असणार होतं. शिवाय मंगळाहून संदेश यायलाच बारा मिनिटांच्या वर लागत होती. बंगळुरूहून काही दुरुस्त करायची सोय नव्हती. आज्ञा आधीच चढवलेल्या, यानाने स्वतःचं स्वतः बघायचं. सरकारची मंजुरी ऑगस्ट २०१२ ची आणि उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ चं, म्हणजे सगळी तयारी पंधरा महिन्यांत. ४५० कोटींत आपण जे विकत घेतलं ते हे: दुसऱ्या ग्रहापर्यंत जाण्याची, तिथे थांबण्याची आणि दूरवरून यान सांभाळण्याची कुवत.

यानावर उपकरणं होती पाच, सगळी मिळून १५ किलोच्या आसपास. कक्षा लांबट होती: जवळचं टोक सुमारे ४२२ किलोमीटरवर, दूरचं जवळजवळ ७७ हजार किलोमीटरवर. त्या दूरच्या टोकावरून मंगळाचा अख्खा गोल एका चौकटीत यायचा आणि ते फोटो खरोखर देखणे आहेत. पण मिथेनचा शोध, ज्याचा गाजावाजा सगळ्यात जास्त झाला, त्याचं ठोस उत्तर काही मिळालं नाही. त्या उपकरणाच्या नोंदींतून पुढे मंगळाचा पृष्ठभाग किती उजेड परत फेकतो याचे नकाशे तयार झाले. याला अपयश म्हणायचं का? प्रात्यक्षिकाच्या मापाने अजिबात नाही. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान २०२२ पर्यंत चाललं.

आता मेव्हन. २००८ मध्ये ते निवडलं गेलं ते स्पर्धेतून, आणि निवडलं गेलं ते एका प्रश्नासाठी: मंगळावर एके काळी पाणी वाहात होतं, म्हणजे तिथे जाड वातावरण असणार, मग ते गेलं कुठे?

हा प्रश्न सोडवायची एक वाट मला फार आवडते. मंगळाच्या हवेत आर्गॉन नावाचा वायू आहे. तो कुणाशी संयोग पावत नाही, खडकात मुरत नाही. त्यामुळे तो कमी झाला असेल तर अवकाशातच गेला असणार, दुसरी वाट नाही. आर्गॉनचे अणू थोडे हलके आणि थोडे जड अशा दोन्ही प्रकारचे असतात. सूपात धान्य पाखडलं की हलकं उडून जातं आणि जड मागे राहतं, तसंच सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने हलका आर्गॉन जास्त उडतो. मागे उरलेल्यात जडाचं प्रमाण किती वाढलंय हे मोजलं की एकूण किती पाखडलं गेलं याचा हिशेब लागतो. मेव्हनने वेगवेगळ्या उंचीवर हे प्रमाण मोजलं. अधूनमधून तर ते मुद्दाम १२५ किलोमीटरपर्यंत खाली उतरून हवेत बुडी मारायचं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: मंगळावर कधी काळी असलेल्या आर्गॉनपैकी सुमारे ६५ टक्के अवकाशात निघून गेला आहे. आजही सौर वारा मंगळावरून दर सेकंदाला साधारण १०० ग्रॅम वायू ओढून नेतो, हेही मेव्हननेच मोजलं.

हे उत्तर पंधरा किलोच्या उपकरणांत मिळालं नसतं. ते मोजायला आठ उपकरणं, जवळची कक्षा, आणि वर्षानुवर्षं त्याच नोंदींवर बसलेली माणसं लागली. म्हणून 'आपण नवव्या हिश्श्यात केलं' हे वाक्य अर्धवट आहे. पोचण्याचा खर्च आपण खरोखर कमी ठेवला, त्याचं श्रेय इस्रोला पुरेपूर द्यायला हवं. उत्तराचा खर्च आपण केलाच नव्हता.

मेव्हनकडून नव्या कुवतीची अपेक्षा कुणी केली नाही. अमेरिकेची यानं मंगळाच्या कक्षेत १९७१ पासून जात होती.

बरोबर दहा वर्षांनी, १८ सप्टेंबर २०२४ ला, अशीच एक जोडी आपल्यासमोर आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या एकाच दिवशी चांद्रयान-४ ला सुमारे २,१०४ कोटी रुपये आणि शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले. बातम्यांत दोन्ही एकाच ओळीत आली. पण वरची खूण लावून बघा.

चांद्रयान-४ चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणार आहे. माती म्हटलं की विज्ञान वाटतं, आणि त्या मातीतून विज्ञान मिळेलही. पण त्या मोहिमेचा गाभा वेगळा आहे: चंद्रावर उतरणं, तिथून पुन्हा उडणं, कक्षेत दुसऱ्या भागाशी जोडलं जाणं आणि सुखरूप परत येणं. पुढे माणूस न्यायचा तर यातली एकही पायरी गाळता येत नाही. जोडणीचा सराव झालाच आहे. इस्रोच्या स्पेडेक्स या प्रयोगातले प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ ला कक्षेत एकमेकांशी जोडले गेले. हे नीट आखलेलं प्रात्यक्षिक होतं: छोटं, एकच कौशल्य दाखवणारं, आणि पुढच्या मोठ्या कामाला थेट लागू पडणारं. चांद्रयान-४ कडे मी त्याच नजरेने पाहतो आणि त्यावरचा खर्च मला योग्य वाटतो.

शुक्राचं यान मात्र प्रश्नासाठी चाललंय, मार्च २०२८ च्या उड्डाणाचं लक्ष्य ठेवून. आकाराने जवळपास पृथ्वीएवढा असलेला ग्रह, पण पृष्ठभागावर ४६० अंशांची भट्टी आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब. हे असं का झालं? अमेरिकेच्या मॅजेलन यानाने १९९० नंतरच्या दोन वर्षांत रडारने शुक्राचा नकाशा काढला, म्हणजे तिथे नुसतं पोचणं आता नवं नाही. आपल्या यानाने नुसतं शुक्राभोवती फिरून दाखवलं आणि नोंदी कच्च्या निघाल्या, तर 'आपण शुक्र गाठला' या मथळ्यावर समाधान मानता येणार नाही. या मोहिमेत वेळ गेला तरी चालेल, वजन आणि पैसे मात्र उपकरणांवरून कापायचे नाहीत, असा आग्रह आत्ताच धरायला हवा. मोहिमेचं यश तारखेवर मोजलं की सगळ्यात आधी उपकरणांची चाचणी आखडते.

दोन्ही एकत्र येऊच नयेत असं मी म्हणत नाही. चांद्रयान-३ मुळात उतरून दाखवण्यासाठी होतं, तरी त्याच्या तापमापीने चंद्राच्या मातीत शिरून दाखवलं की वर ५० अंशांहून जास्त आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली उणे १० च्या आसपास तापमान आहे. पदरात पडलेली अशी भर आनंदाने घ्यावी. मंजुरी मागताना मात्र भर कोणती आणि मुख्य काम कोणतं हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. दोन्हींचा गुंता झाला की काय होतं ते मंगळावरची माती आणण्याच्या अमेरिकी योजनेत दिसलं. पर्सिव्हिअरन्स रोव्हरने नमुने भरून ठेवले, त्यांचं वैज्ञानिक मोल कुणी नाकारत नाही. पण ते आणायला लागणारं जवळजवळ सगळं तंत्र नवं, आणि त्याचा भार एकाच मोहिमेवर. २०२३ च्या स्वतंत्र तपासणीत खर्चाचा अंदाज ८०० ते १,१०० कोटी डॉलरवर गेला. उलट त्याच रोव्हरसोबत गेलेलं इन्जेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर निव्वळ प्रात्यक्षिक म्हणून गेलं होतं. पाच उड्डाणं ठरली होती, झाली ७२.

आपल्याकडे माझी काळजी दुसऱ्या बाजूची आहे. उतरणं, जोडणं, माणूस पाठवणं या गोष्टी पडद्यावर दिसतात, त्यांना तारीख असते, टाळ्या असतात. प्रश्नासाठी जाणाऱ्या मोहिमांना तसं काही नसतं, म्हणून त्या रांगेत मागे राहतात. २०१५ मध्ये गेलेला ॲस्ट्रोसॅट हा दुर्बिणी घेऊन गेलेला आपला खगोलशास्त्राचा उपग्रह किती जणांना आठवतो? त्याची उपकरणं घडवण्यात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचा मोठा वाटा होता, आणि त्याच्याच दुर्बिणीने ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून निघालेला अतिनील प्रकाश टिपला. तो शोध आयुकाच्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली लागला.

आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेला 'दक्ष' हा प्रस्ताव याच वाटेवरचा आहे. आकाशात अचानक होणारे उच्च ऊर्जेचे स्फोट टिपण्यासाठी दोन उपग्रह, असा तो बेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाला २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांची, टक्कर झाली की ती यंत्रणा लहर टिपेल, पण त्या टकरीचा प्रकाश पकडायला अवकाशात डोळा लागतो. माझ्या हातात निधीची एक सही असती तर ती मी 'दक्ष'साठी केली असती, कारण इथे प्रश्न तयार आहे, माणसं तयार आहेत आणि जमिनीवरची अर्धी यंत्रणा आपण स्वतःच उभारतो आहोत.

दोन उपग्रह का, हेही सांगायला हवं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पृथ्वीवर पोचली आणि १.७ सेकंदांनी त्याच टकरीचे गॅमा किरण अमेरिकेच्या फर्मी उपग्रहाने टिपले. ॲस्ट्रोसॅटही तेव्हा कक्षेत होता आणि चालू होता. पण त्या क्षणी तो आणि ती टक्कर यांच्या मधोमध पृथ्वी आली होती. 'दक्ष'चे उपग्रह पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना ठेवायची योजना आहे, म्हणजे एकासमोर पृथ्वी आडवी आली तरी दुसऱ्याला दिसेल.