यॉर्कचे ठाणे, १७९६: एका जलरंगाची पार्श्वभूमी

यॉर्क म्हणजे कॅनडातले आजचे टोरांटो. तिथल्या ब्रिटिश वसाहतीच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या पत्नीने, एलिझाबेथ सिम्को हिने, १७९६ मध्ये रंगवलेल्या या जलरंगाला ‘फोर्ट यॉर्कचे चित्र’ म्हटले की घोळ सुरू होतो. किल्ला म्हटल्यावर डोळ्यांपुढे तट-बुरूज येतात. चित्रात दिसतात दरडीवरची बुटकी लाकडी घरे आणि खाली ओंटारिओ सरोवराचे पाणी. त्या काळचे कागद या जागेला बहुधा ‘गॅरिसन’ म्हणतात. गॅरिसन म्हणजे शिबंदी, आणि शिबंदी राहते ते ठाणे. मराठीत हाच शब्द इथे चपखल बसतो. १७९३ मध्ये ओल्या ओंडक्यांतून घाईने उभारलेली घरे फार टिकलीही नाहीत. ‘फोर्ट यॉर्क’ हे नाव रुळले ते पुष्कळ नंतर. तोवर शहराने यॉर्क नाव टाकून १८३४ मध्ये टोरांटो हे नाव परत घेतले होते.

आजच्या इमारती चित्रातल्या नाहीत. ब्रिटन-अमेरिका युद्धात २७ एप्रिल १८१३ रोजी अमेरिकी फौजेने यॉर्कवर हल्ला केला, तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी दारूकोठार उडवले, अमेरिकी फौजेची मोठी हानी झाली. आज उभे आहे ते त्यानंतरचे बांधकाम. पुढे रेल्वे आली, भराव पडत गेले आणि सरोवर दूर सरकले. ठाण्याशेजारचा ओढा भूमिगत गटारात गेला. १९०९ मध्ये शहराने जागा विकत घेतली, १९३४ मध्ये ती दुरुस्त करून लोकांसाठी खुली केली.

खरा वाद पेटला १९५० च्या दशकाच्या अखेरीस. द्रुतगती मार्गाच्या आड ठाणे येत होते, तेव्हा ते उचलून नव्या किनाऱ्यावर नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. समर्थकांचा युक्तिवाद असा, की तिथे त्याला पूर्वीसारखे पाणी मिळेल. वरवर पाहता चित्र त्यांच्याच बाजूचे वाटते. पण त्यात नुसते पाणी नाही, ती विशिष्ट दरड आहे, ओढ्याच्या मुखाशी असलेली, बंदरात शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणारी. भरावावर नेऊन ठेवलेल्या इमारती कितीही नीट बसवल्या तरी ते ठाणे राहिले नसते. सैनिक मेले ते याच जमिनीवर. नागरिकांनी चिकाटीने विरोध केला आणि अखेर रस्त्याला वळण द्यावे लागले. तो निर्णय योग्यच होता.

रस्ता आता ठाण्याच्या दक्षिणेकडून उंच खांबांवरून जातो. २०१८ पासून त्या खांबांमधून हिवाळ्यात बर्फाची वाट तयार करतात, पोरे तिथे स्केटिंग करतात. चित्रातला किनारा साधारण तिथेच होता.