पार्श्वभूमी : योपॉनचा चहा आणि १७८९ मधले बारसे

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, व्हर्जिनियापासून फ्लोरिडा आणि पुढे टेक्सासपर्यंत, योपॉन हे हॉलीच्या कुळातले सदाहरित झुडूप आपसूक वाढते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या पानांचा चहा पुन्हा पाकिटांतून विकला जाऊ लागला आहे. त्याबरोबर एक गोष्टही फिरते : इंग्रज चहा-व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून या झाडाला मुद्दाम ‘ओकारी आणणारी’ अशा अर्थाचे घाणेरडे शास्त्रीय नाव दिले गेले आणि त्यापायी त्याचा धंदा बसला. गोष्ट चटपटीत आहे, पण तिला पुरावा नाही.

मुळात पेय फार जुने. सेंट लुइसजवळच्या काहोकिया या प्राचीन वसाहतीत सापडलेल्या, साधारण १०५० ते १२५० या काळातल्या मातीच्या पेल्यांत कॅफीन आणि थिओब्रोमीन या योपॉनच्या पानांतही असणाऱ्या द्रव्यांचे अंश असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. योपॉन तिथे उगवत नाही. पाने शेकडो किलोमीटरवरून आणली जात असावीत. फ्लोरिडातल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांनीही हा काढा उचलला. ते त्याला ‘कासिना’ म्हणत.

खरा घोळ नावाचा. स्थानिक जमातींचे पुरुष काही विधींत पाने भाजून उकळलेला दाट काळा काढा शंखांतून घटाघट पीत आणि नंतर ओकून टाकत. शुद्धीचा तो प्रकार होता. युरोपीय पाहुण्यांनी लिहून ठेवले ते ओकणेच. रोज साधेपणाने प्यायला जाणारा काढा कोणाच्या लक्षात राहिला नाही. पानांत उलटी करवणारे द्रव्य आढळलेले नाही. इतका काढा एका दमात प्यायल्यावर, किंवा ठरवून, उलटी होणारच.

लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १७५३ च्या सुप्रसिद्ध वर्गीकरणात ‘कासिने’ हे नाव आधीच वापरले गेले होते आणि आज ते दाहून या शेजारच्याच हॉलीचे आहे. १७८९ मध्ये लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानाच्या मुख्य माळ्याने बागेतल्या झाडांची सूची छापली, त्यात योपॉन ‘आयलेक्स व्होमिटोरिया’ झाले. म्हणजे ओकारी आणणारी हॉली. ऐकीव माहितीवर भिस्त ठेवून हे झाले, असे मानायला हरकत नाही. तो निष्काळजीपणा होता, यात वाद नसावा. पण निष्काळजीपणा म्हणजे कट नव्हे.

आणि हे नाव आता बदलणारही नाही. वनस्पतिनामांचे नियम स्पष्ट आहेत : नाव चुकीचे किंवा अप्रिय आहे एवढ्यावरून ते रद्द करता येत नाही. २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकेतल्या काळ्या लोकांविषयीची शिवी असलेली दोनशेहून अधिक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योपॉनचा मामला त्यात बसत नाही. ज्या समाजांचा विधी ‘ओकारी’ या एका शब्दात उरकला गेला, त्यांना हे पटेलच असे नाही.

धंदा बसला त्याची कारणे बरीच साधी दिसतात. उत्तर कॅरोलिनाच्या हॅटरस बेटावर लोक पाने-डहाळ्या कुऱ्हाडीने बारीक करत, पिपात तापलेल्या दगडांच्या थरांसोबत भरून वाफवत आणि मग वाळवत. यादवी युद्धात (१८६१–६५) नाकेबंदीमुळे चहा-कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा दक्षिणेत योपॉन पुन्हा घरोघरी शिजू लागले. युद्ध संपले, कॉफी परत आली, आणि योपॉन पिणे म्हणजे दुसरे काही परवडत नाही असा अर्थ लावला जाऊ लागला. लॅटिन नाव किती जणांना ठाऊक होते? गरिबीचा शिक्का मात्र शेजाऱ्यालाही दिसतो. १९२० च्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांनी दक्षिण कॅरोलिनात ‘कासिना’ नावाने चहा, सरबत, आइस्क्रीमसुद्धा करून पाहिले. तेव्हा तर बदनाम नाव बाजूला ठेवले होते, तरी माल रुजला नाही.

आताच्या लाटेला वेगळा वारा मिळाला आहे. २०११ च्या भीषण दुष्काळात टेक्सासमध्ये झाडे वाळून जात असताना योपॉन तग धरून होते, हे काहींच्या नजरेत भरले. पानांत टॅनिन कमी असल्याने जास्त वेळ उकळूनही चहा कडू होत नाही. फळे मात्र खायची नाहीत, ती बाधतात. लागवड सुरू झाली आहे, पण बरीच पाने अजून रानातल्याच झुडपांची असतात, आणि झुडपागणिक कॅफीन कमी-जास्त होते.