दोन रकान्यांचा तक्ता

अपस्माराची गोळी बदलायची ठरली की डॉक्टर अनेकदा दोन रकान्यांचा तक्ता लिहून देतात. डावीकडे जुनी गोळी, उजवीकडे नवी, कडेला आठवडे. पहिले दोन आठवडे जुनी आहे तेवढीच आणि नवी अगदी थोडी. पुढे नवी चढत जाते, जुनी तरीही तेवढीच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कुठेतरी डाव्या रकान्यातला आकडा पहिल्यांदा उतरतो. घरी येऊन तक्ता पाहताना प्रश्न पडतोच: जुन्या गोळीने फिट थांबत नाहीत म्हणून तर बदलतोय, मग ती इतके दिवस कशाला ओढायची?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुणी नीट दिलं नाही, तर माणूस स्वतःच्या मनाने जुनी गोळी एका दिवसात बंद करून टाकतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

जुन्या गोळीवर असताना महिन्याला दोन फिट येत असतील, तर त्या दोनच आपल्याला दिसतात. तिने अडवलेल्या फिट कुणालाच मोजता येत नाहीत. शिवाय मेंदूने तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं. फिनोबार्बिटोन, क्लोबाझम, क्लोनाझेपाम ही औषधं ‘गाबा’ या मेंदूला शांत ठेवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. महिनोन्‌महिने हा आधार मिळत राहिला की मेंदूच्या पेशी गाबाला पूर्वीइतकी दाद देईनाशा होतात. अशा वेळी आधार अचानक काढला, तर आधी कधी आली नव्हती इतकी मोठी फिट येऊ शकते, किंवा मध्ये शुद्धीवर न येताच एकामागून एक फिट येत राहतात. पाच मिनिटांत न थांबणारी फिट ही आणीबाणी असते. तिथे घरी वाट पाहत बसायचं नसतं.

मग नवी गोळी तरी पहिल्या दिवसापासून पूर्ण का देत नाहीत? काही औषधं तशी देता येतात. लेव्हेटिरासिटाम बरंच लवकर चढवतात. लॅमोट्रिजिनला मात्र घाई अजिबात चालत नाही. ते वेगाने वाढवलं तर अंगावर पुरळ उठण्याची शक्यता वाढते, आणि क्वचित हे पुरळ त्वचा सोलवटून टाकणाऱ्या जिवघेण्या आजाराचं रूप घेतं. म्हणून मोठ्या माणसांना साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५० मिलिग्रॅम, अशी मुंगीची चाल. पुरळाचा धोका मुख्यतः पहिल्या आठ आठवड्यांत असतो. या काळात अंगावर चट्टे उठले, सोबत ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.

पण तक्ता खरा गुंतागुंतीचा होतो तो यकृतामुळे. औषधं निकामी करून बाहेर काढण्याचं काम यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स करतात, आणि अपस्माराची काही जुनी औषधं याच कामात ढवळाढवळ करतात. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. लॅमोट्रिजिन एकटं असताना हा वेळ साधारण एक दिवसाचा. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर ते लॅमोट्रिजिनचा निचरा अडवतं आणि अर्धायुष्य दुपटीहून जास्त होतं. सोबत कार्बामाझेपिन असेल तर उलट; ते विकरांचं उत्पादनच वाढवतं आणि लॅमोट्रिजिन जवळजवळ दुप्पट वेगाने संपतं. म्हणून व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला तीच २५ मिलिग्रॅमची गोळी सुरुवातीला एक दिवसाआड देतात. शेजारच्याचा तक्ता पाहून आपली गोळी वाढवणं किती घातक आहे, ते एवढ्यावरून कळावं.

आता डावा रकाना उतरू लागतो तेव्हा काय होतं ते पाहा. व्हॅल्प्रोएट कमी होतं तसा अडथळा हटतो आणि लॅमोट्रिजिनची गोळी तेवढीच असूनही रक्तातली पातळी घसरते. कार्बामाझेपिन सोडताना ती चढते. उजव्या रकान्यात काहीच बदललेलं नसताना फिट येते किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागतं, आणि दोष बिचाऱ्या नव्या गोळीवर जातो. फक्त अपस्माराच्याच गोळ्यांचं हे होतं असंही नाही. कार्बामाझेपिनमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम कमी होतो. कार्बामाझेपिन थांबलं की वॉरफेरिनचा तोच डोस जास्त ठरतो आणि रक्तस्रावाची भीती निर्माण होते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यापर्यंत उतरू शकते. तेव्हा बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं.

गोळी बदलण्याचं कारण नेहमी फिटच असतं असं नाही. लेव्हेटिरासिटामने काही जण इतके चिडचिडे होतात की घरच्यांना माणूस ओळखू येत नाही. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं. गरोदरपणात ते घेतल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या वाढीत, बोलण्यात किंवा शिकण्यात अडचणी दिसतात. हा बदल दिवस राहण्याच्या आधी, सावकाश व्हायला हवा. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून एका दिवसात गोळी बंद करण्यात आईच्याही जिवाला धोका असतो.

दुसरी गोळी लागू पडेल का? क्वान आणि ब्रॉडी या संशोधकांनी २००० साली ग्लासगोमधल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कुठलंच औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, तिसऱ्याने जेमतेम एका टक्क्याच्या. योग्य निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधं अपुरी पडली तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार मानायचा, ही व्याख्या २०१० साली ठरली. तिथून पुढे गोळ्यांचीच अदलाबदल करत वर्षं घालवण्यापेक्षा शस्त्रक्रियेचा विचार करता येईल का, याची तपासणी लवकर व्हावी, असं मला कळकळीने वाटतं.

निकाल मात्र दोन आठवड्यांत लागत नाही. दोन फिटमधलं सर्वांत मोठं अंतर दोन महिन्यांचं असेल, तर दीड महिना शांत गेला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. तज्ज्ञ त्या अंतराची तिप्पट किंवा एक वर्ष, यांपैकी जास्त असेल तेवढा काळ फिटशिवाय जाण्याची वाट पाहतात. तोवर गाडी चालवणं, एकट्याने पोहणं, उंचावर चढणं टाळावं.

आणि वहीत एक तारीख लिहून ठेवावी: डाव्या रकान्यात शून्य आलं तो दिवस. यकृताला जुन्या गोळीचा प्रभाव विसरायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात काही वेगळं जाणवलं तर डॉक्टर आधी तीच तारीख विचारतील.