जुनी येझदी मूळ रूपात आणणे आणि ती मनाजोगती करून घेणे: दोन कामांतील फरक

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात अजूनही कित्येक घरांच्या पडवीत किंवा गोठ्यालगतच्या खोपीत एखादी जावा, येझदी किंवा बुलेट मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी असते. आजोबांनी घेतलेली ती गाडी नातू बाहेर काढतो आणि मेस्त्रींना सांगतो, "मामा, गाडी नवी करून द्या." या सांगण्यात दोन निरनिराळी कामे मिसळलेली असतात. काही महिन्यांनी गाडी तयार होते, चकाकते, एका किकमध्ये सुरूही होते. पण घरातील वडीलधारे तिच्याभोवती फेरी मारून म्हणतात की ही आपली गाडी वाटत नाही. अशा वेळी दोष बहुधा कारागिराचा नसतो. गाडी मूळ रूपात आणायची, म्हणजे रिस्टोअर करायची, की आपल्या आवडीप्रमाणे बदलून, म्हणजे कस्टमाइझ करून घ्यायची, हे काम सुरू होण्यापूर्वी कोणी ठरवलेलेच नसते.

रिस्टोरेशनमध्ये प्रत्येक सुट्या भागापुढे एकच प्रश्न असतो: गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा या जागी काय होते? त्याचे उत्तर पार्ट्स बुकात, जुन्या छायाचित्रांत किंवा त्याच वर्षाच्या एखाद्या फेरफार न झालेल्या गाडीत शोधावे लागते, आणि तिथे मालकाच्या आवडीनिवडीला जागा नसते. कस्टमायझेशनमध्ये प्रश्न बदलतो: ही गाडी जो चालवणार आहे, त्याला या जागी काय हवे आहे? त्याचे उत्तर मालकाच्या उंचीत, त्याच्या रोजच्या रस्त्यात आणि त्याच्या नजरेत असते. दोन्ही कामांची सुरुवात मात्र हुबेहूब सारखी दिसते. गाडी खोलणे, गंज काढणे, इंजिन उतरवणे, वायरिंग बाहेर काढणे हे दोन्हीकडे करावेच लागते, हत्यारेही तीच लागतात, आणि म्हणूनच ही दोन कामे एकच आहेत असा समज होतो.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याखाली जावा बनू लागली, पुढे १९७० च्या दशकात गाडीवर येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबले. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले असले, तरी ती फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, जुन्या टू-स्ट्रोक गाडीहून सर्वस्वी वेगळी गाडी असल्यामुळे तिचे भाग जुन्या गाडीला उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे जुन्या गाडीवर उरलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो पोचे पडलेला असो वा गंजलेला, रिस्टोरेशन करणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा असतो. पोचे पडलेली टाकी फेकून नवी बाजारू टाकी बसवणे सोपे आहे. पण जुन्या टाकीचा पत्रा, तिच्या बगलेवरच्या क्रोमच्या पट्ट्याचा आकार आणि गुडघ्याजवळच्या रबरी गाद्यांची जागा बाजारू टाकीत क्वचितच तंतोतंत येते. रिस्टोरेशनमध्ये टाकीतील पोचे काढले जातात, आतला गंज साफ केला जातो, मग निकेलचा आणि त्यावर क्रोमचा थर चढवला जातो आणि सोनेरी रेघा पुन्हा हाताने ओढल्या जातात.

इथेच एक चूक फार वेळा होते, ती म्हणजे अति चकाकी. क्रोमिंगवाल्याकडे जाताना उत्साहाच्या भरात सगळे नट-बोल्ट, ब्रेकचे दांडे, चेनकव्हरसुद्धा नेले जाते. कारखान्यात जो बोल्ट साध्या जस्ताच्या मुलाम्याचा होता तो आरशासारखा चमकू लागला, की गाडी सुंदर दिसते, पण ती मूळ राहत नाही. मालकाला अशीच चमक हवी असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र ते कस्टमायझेशन झाले, हे त्याला माहीत असले पाहिजे.

इंजिनाच्या कामात दोहोंमधील रेषा अधिक बारीक होते. जुन्या २५० सीसी येझदीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. तो झिजला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मशीन शॉपमध्ये बोअर करून घेतला जातो आणि पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या मापातील ओव्हरसाइज पिस्टन बसवला जातो. माप बदलले तरी हे रिस्टोरेशनच आहे, कारण झिजलेले सिलिंडर असे पुन्हा वापरात आणायचे ही निर्मात्याचीच योजना असते. त्याच सिलिंडरचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याची तोंडे) घासून उंच केले, वेगळ्या गाडीचा मोठा कार्बोरेटर जोडला, की इंजिनाचा स्वभाव बदलतो आणि काम दुसऱ्या बाजूला जाते.

सायलेन्सरच्या उदाहरणात हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. येझदीच्या दोन्ही सायलेन्सरमध्ये मागच्या टोकाकडून बाहेर ओढून काढता येणारी जाळी असते. टू-स्ट्रोक तेलाची काजळी तिच्यावर वर्षानुवर्षे साचते, छिद्रे बुजतात, गाडी दमल्यासारखी चालते आणि चढावर धापा टाकते. रिस्टोरेशन करणारा ती जाळी काढतो, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून किंवा भट्टीच्या आचेवर काजळी जाळून साफ करतो आणि होती तिथे परत बसवतो. (कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात चुकूनही बुडवू नये, तो खाल्ला जातो.) मोठा आवाज हवा असलेला मालक मात्र ती जाळी काढून टाकायला सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा धूर बाहेर सोडणारा नुसता नळ नसतो. एक्झॉस्टचे तोंड उघडे असताना ताजे पेट्रोलमिश्रणही त्यातून निसटू पाहते आणि सायलेन्सरच्या आतून परत फिरणारी दाबाची लाट त्यातील काही भाग सिलिंडरमध्ये मागे ढकलते. जाळी काढली की हा मेळ बिघडू शकतो. आवाज वाढतो, पण कमी वेगातली ओढ घटते आणि पेट्रोल जास्त लागते. चांगला कस्टम कारागीर म्हणूनच जाळी नुसती काढत नाही, तर पाइपची लांबी आणि शंकूचा आकार इंजिनाशी नव्याने जुळवतो.

कस्टमायझेशन हे कमी प्रतीचे काम आहे असे काही जाणकार मानतात, ते मला पटत नाही. ब्रिटनमधील तरुणांनी रूढ केलेली, खाली वाकलेल्या हँडलची आणि एकाच सीटची कॅफे रेसर असो किंवा अमेरिकेत मडगार्ड कापून हलकी केलेली बॉबर असो, त्या घडवताना बरीच गणिते सोडवावी लागतात. हँडल खाली आले की पाय ठेवण्याच्या जागा मागे न्याव्या लागतात, त्या मागे गेल्या की ब्रेकच्या दांड्याची लांबी आणि कोन बदलतो, आणि तो कोन चुकला तर तेवढ्याच पायजोरात ब्रेक अर्धाच लागतो. पुढच्या फोर्कचा कल दोन-तीन अंशांनी बदलला तरी वळणावर गाडी निराळी वागते. चोर्ला घाटाच्या उतारावर हे कळण्यापेक्षा ते आधी कागदावर कळलेले बरे. बेळगावला ओतकामाचे कारखाने आणि लेथची दुकाने हाताशी असल्यामुळे साचा करून एखादा ब्रॅकेट ओतून घेणे किंवा बुश खरादून घेणे इथे सोपे जाते, आणि ही सोय दोन्ही कामांना सारखीच उपयोगी पडते.

चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, बाबतीत मात्र मी कठोर आहे. टाकी, सीट, हँडल बदलले तरी जुने भाग पेटीत जपून ठेवले, तर पुढची पिढी गाडी पूर्ववत करू शकते. ग्राइंडर लावून चेसिसचा मागचा भाग कापला, की परतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. म्हणून अखंड, मूळ इंजिनाच्या आणि पूर्ण कागदपत्रांच्या गाडीची चेसिस कापू नये. जिचे इंजिन पूर्वीच दुसरीकडचे आहे, टाकी हरवली आहे, मडगार्ड कोणीतरी आधीच छाटले आहे, अशी गाडी कस्टमायझेशनसाठी योग्य. बुलेटमध्ये असे पर्याय जास्त मिळतात. मद्रासला १९५५ पासून ती दीर्घकाळ फारशी न बदलता बनत राहिल्यामुळे भागही तुलनेने सहज सापडतात.

चेसिसवरील नंबराची काळजी तर दोन्ही कामांत घ्यावी लागते. रंग काढण्यासाठी सँडब्लास्टिंगला दिलेल्या चेसिसवर वाळूचा मारा जास्त झाला, तर आधीच उथळ ठोकलेले आकडे पुसट होतात; त्यावर पावडर कोटिंगचा जाड थर बसला, की उरलेलेही बुजतात. पासिंगच्या वेळी अधिकाऱ्याला नंबर वाचता आला नाही, तर कागद खरे असूनही गाडी संशयात सापडते. म्हणून चेसिस देण्यापूर्वी नंबराचा पेन्सिलने कागदावर ठसा घ्यावा, छायाचित्र काढावे आणि त्या जागेवर जाड टेप लावूनच ती पाठवावी. बेअरिंगच्या बैठका आणि आटे असलेली भोकेही तशीच झाकावीत.

कायद्याच्या नजरेत तर ही दोन कामे पूर्णपणे वेगळी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा अर्थ उचलून धरला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. याउलट २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. तिला व्हीए हे अक्षरचिन्ह मिळते, नोंदणी दहा वर्षांची असते, पण गाडी मूळ स्वरूपात असणे आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसणे ही अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. कोल्हापूरकडून घेतलेली एमएच ०९ ची गाडी केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) मध्ये आणायची, तर तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, इकडचा कर आणि प्रत्यक्ष तपासणी हे सगळे आले. त्या तपासणीत मूळ रूपातील गाडी आरसीशी चटकन जुळते. कापलेली जुळत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक समंजस वाट आहे, आणि रोज चालवायच्या गाडीला मी तीच सुचवतो. जुन्या जावाची वीजव्यवस्था सहा व्होल्टची. खानापूरच्या पावसात रात्री त्या उजेडात रस्ता दिसत नाही. मूळ हेडलाइटच्या आत बारा व्होल्टची व्यवस्था बसवली, कुठेही नवे भोक पाडले नाही आणि काढलेला डायनॅमो तेल लावून गुंडाळून ठेवला, तर बाहेरून गाडी जशीच्या तशी राहते आणि हवे तेव्हा मागे जाता येते.

मेस्त्रींना गाडी सोपवताना हे सगळे तोंडी सांगण्यापेक्षा वहीत लिहून द्यावे: कोणते भाग दुरुस्त करून तेच परत बसवायचे, कोणते बदलायचे, काढलेले भाग मालकाला परत द्यायचे, क्रोम कशाकशाला करायचे, आणि चेसिसला मालकाला विचारल्याशिवाय वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावायचा नाही. खोलण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून तीही सोबत द्यावीत. वायरिंग आणि केबल कुठून कशा गेल्या आहेत ते त्यात स्पष्ट दिसले पाहिजे.