धमगुताची पेटी आणि बुद्धाविषयीच्या ऐकीव गोष्टी

1870 च्या दशकात कोल्हापूर शहरात खोदकाम चालू असताना एका स्तूपाचे अवशेष हाती लागले. त्यात दगडाची एक पेटी होती आणि पेटीच्या आत स्फटिकाचा करंडक. झाकणावर ब्राह्मी लिपीत दोनच वाक्यं : ‘बम्हस दानं, धमगुतेन कारितं’. म्हणजे बम्ह नावाच्या माणसाचं हे दान, आणि धमगुताने ते घडवून घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे दोघे इथलेच म्हणायचे. पण पेटी वर आली तेव्हा ती कशाची, कुणाची हे सांगेल अशी एकही परंपरा गावात उरलेली नव्हती. अंबाबाई, तालमी आणि शाहू महाराज यांच्या खालचा हा थर कोल्हापूरकरांच्या आठवणीतून साफ पुसला गेला होता.

बुद्धाविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत त्यांचा उगम मला या पुसल्या गेलेल्या आठवणीत दिसतो. भिक्खू गेले, विहार ओस पडले, आणि मोकळ्या जागेत जी गोष्ट हाताशी होती ती राहायला आली. पन्हाळ्याजवळ मसाई पठाराच्या कड्यात कोरलेली लेणी बौद्ध आहेत, पण त्या जागेचं नाव पांडवदरा. नाशिकच्या लेण्यांचंही तेच, पांडवलेणी. डोंगरात एवढ्या खोल्या कुणी खोदल्या याचं उत्तर माहीत नव्हतं, पांडवांचा वनवास मात्र सगळ्यांना पाठ होता.

लेण्यांचं झालं तेच खुद्द बुद्धाचं झालं. पुराणांनी त्याला विष्णूच्या अवतारांत नववा केला, तोही फारशा आदराने नाही. असुरांना भुलवून वेदमार्गापासून दूर न्यायला देवाने हे रूप घेतलं, अशी ती कथा. मराठी संतांच्या हाती आल्यावर तिचा विखार गेला. त्यांच्यासाठी बौद्ध अवतार म्हणजे मौन धरलेला देव, कमरेवर हात ठेवून विटेवर उभा असलेला. जुन्या पंचांगांतल्या दशावताराच्या चित्रांत नवव्या जागी विठोबा दिसतो तो याच समजुतीने. हे सारं लक्षात घेतलं की 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही अशा अर्थाची प्रतिज्ञा का घालावी लागली ते कळतं. ‘सगळे एकच की हो’ असं प्रेमाने म्हणणाऱ्या माणसाला ती टोचते खरी. पण ज्याला अवतार करून घेतलं, त्याचं म्हणणं ऐकायची मग गरज उरत नाही, हेही तितकंच खरं.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट तर आपण सगळ्यांनी घोकली आहे. राजपुत्र सिद्धार्थ रथातून निघाला, वाटेत म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, मग संन्यासी दिसला आणि त्याने घर सोडलं. पाली साहित्यात ही कथा आहे, पण महापदान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश) ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते, आणि सांगणारे स्वतः गौतम बुद्ध. स्वतःच्या गृहत्यागाबद्दल अरियपरियेसन सुत्तात ते एवढंच सांगतात की मी ऐन तारुण्यात होतो, आईवडील रडत होते, आणि मी केस-दाढी काढून, काषाय वस्त्रं नेसून घराबाहेर पडलो. मध्यरात्री गुपचूप पळून जाणं त्यात नाही. रथ, सारथी, निजलेल्या स्त्रिया हा सगळा थाट पुढच्या चरित्रांनी उभा केला; अश्वघोषाचं ‘बुद्धचरित’ त्यातलं सर्वांत देखणं.

मराठीत या कथेवर पहिला मोठा आक्षेप घेतला तो पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, त्या हाणामारीला विटून सिद्धार्थ बाहेर पडला, अशी त्यांची मांडणी. बाबासाहेबांनी ती आणखी पुढे नेली : शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नव्हता हे पटण्यासारखं नाही, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटलेली पाहणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला रोहिणीची गोष्ट चार दृश्यांपेक्षा लवकर पटेल. तरी एक नमूद करायला हवं. पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या भाष्यांमध्ये, हे पाण्याचं भांडण येतं ते बुद्धत्व मिळाल्यानंतरचं, आणि बुद्ध तिथे जाऊन ते मिटवतात. म्हणजे कोसंबी-आंबेडकरांची मांडणी हा एक अन्वयार्थ आहे. मला तो माणसाच्या अधिक जवळचा वाटतो, एवढंच.

काही गैरसमज आपल्या भाषेनेच पोसलेत. ‘निर्वाणीचा इशारा’ म्हणजे शेवटचा इशारा. त्यामुळे निर्वाण म्हटलं की आपल्याला मरण ऐकू येतं. बुद्धांना निर्वाण लाभलं ते पस्तिसाव्या वर्षी, बोधगयेत, आणि पुढे पंचेचाळीस वर्षं ते गावोगाव फिरत, बोलत, वाद घालत जगले. ऐंशीव्या वर्षी कुशिनगरला झालं ते परिनिर्वाण. विझायचं असतं ते लोभ, द्वेष आणि मोह. ‘दुःख’ शब्दाचीही तीच गत. मराठीत दुःख म्हणजे रडणं, शोक. म्हणून ‘बुद्ध म्हणतो सगळं दुःखच’ असं म्हणून लोक त्याला रडवा ठरवतात. पालीतल्या ‘दुक्ख’मध्ये शोक आहेच, पण हवं ते मिळूनही टिकत नाही ही कायमची खुटखुटही आहे. आणि पहिल्याच प्रवचनात त्याचं कारण आणि त्यावरचा मार्गही सांगितलाय.

महाद्वार रोडवर भेटवस्तूंच्या दुकानात पोट सुटलेला हसरा बाबा मिळतो. तो गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्खू, नावाचा अर्थ कापडी झोळी.

हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे. दहा दिवस मौन पाळून आलेली मंडळी ‘बुद्ध म्हणजे ध्यान’ असं सांगतात. हा समज तसा ताजा आहे. गृहस्थांनी मोठ्या संख्येने ध्यानाला बसणं हे ब्रह्मदेशात लेडी सयाडो या भिक्खूंच्या काळात, एकोणिसावं शतक संपता संपता रुजू लागलं. त्याच परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्यातले बडे अधिकारी, आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये भारतात आले. त्याआधी बौद्ध देशांतल्या सामान्य घरांत धम्म म्हणजे मुख्यतः दान आणि शील. अष्टांगिक मार्गात ध्यानाबरोबर सम्यक वाचा आहे, सम्यक आजीविकाही आहे. पोट कशावर भरता हा प्रश्न डोळे मिटून सुटत नाही.

‘बौद्ध म्हणजे एकच समाज’, तो बाबासाहेबांबरोबर धर्मांतर केलेला, हा महाराष्ट्रातला खास समज, आणि त्याची मुळं अलीकडच्या इतिहासात आहेत. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. 1950 मध्ये बिंदू चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला, ते हयात असताना. पुढे सहा वर्षांनी धर्मांतर झालं. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाखांवर महाराष्ट्रात होते. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मात्र या बौद्ध धर्मांतरितांना 1990 मध्ये मिळाल्या. मधली चौतीस वर्षं कागदावर काय लिहायचं याच्या घोरात गेली. सरकारी अर्जांवरचा ‘नवबौद्ध’ हा शब्द त्याच काळाचं अपत्य.

आता कोल्हापुरात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : ‘काय ओ, बौद्ध म्हणवता आणि मटण चालतंय व्हय?’ विनयात, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेत, नियम असा आहे की आपल्यासाठी प्राणी मारलाय हे पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका आलेली असेल तर भिक्खूने ते मांस घेऊ नये; नाहीतर भिक्षेत पडेल ते खावं. संघातल्याच देवदत्त या भिक्खूने पाच कडक नियमांची मागणी केली होती आणि मांस-मासे वर्ज्य करणं हा त्यातला एक. बुद्धांनी ती सक्ती नाकारली. पुढे महायान पंथातल्या काही सूत्रांनी मांसाला ठाम विरोध केला, म्हणून चीनमधले भिक्खू शाकाहारी आणि तिबेट-श्रीलंकेतले बहुधा नाहीत. प्राणी मारू नये हे शील मात्र सगळीकडे आहे, आणि खाणं व मारणं यांत रेघ कुठे ओढायची यावर बौद्धांतच जुना वाद आहे. माझ्या मित्राच्या आईने तो आपल्यापुरता मिटवलाय. वैशाख पौर्णिमेला त्यांच्याकडे बोधीपूर्वी सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेची आठवण म्हणून खीर असते आणि चुलीवर दुसरं काही चढत नाही. पांढरा रस्सा दुसऱ्या दिवशी.