पार्श्वभूमी : ‘सर्व वाद्ये’ म्हणजे नेमकी कोणाची?

अहिराणी गाण्याच्या व्हिडिओखाली हल्ली ‘सर्व वाद्ये’ असे लिहून पुढे एकच नाव असते. कानबाईचे गाणे असो की लग्नसराईतले, खोली एक, माणूस एक.

कल्पना जुनी आहे. 1941 साली अमेरिकेत एका क्लॅरिनेटवादकाने सहा वाद्ये एकापाठोपाठ वाजवून एक गाणे मुद्रित केले. आधीची तबकडी ऐकत पुढचे वाद्य वाजवायचे आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे. दर फेरीला जुना आवाज पुसट होई. 1979 मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे यंत्र आले, 1983 मध्ये मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांशी बोलू देणारी सामाईक भाषा. त्यानंतरचा कीबोर्ड, ऑक्टोपॅड (ताल वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) आणि कॉम्प्युटर खानदेशाला सांगायला नको. बेंजोवाल्यांच्या पोटावर पाय आला तो याच काळात.

खरा गुंता ‘सर्व वाद्ये’पुढे गृहीत धरलेल्या ‘वाजवली’ या शब्दात आहे. त्या क्लॅरिनेटवादकाने सहाही वाद्ये हातात घेतली होती. इथे ढोलकी ऑक्टोपॅडवर बोटांनी किंवा काडीने वाजते. तिला वाजवणे म्हणायला हरकत नाही, कारण ठेका वाजवणाऱ्याचाच असतो. पण पावरीचे काय?

साक्री-नवापूरकडची पावरी भोपळा आणि बांबूची, फुंकून वाजवायची. तिची पट्टी ती घडवतानाच ठरते. गायकाला काळी चार ही पट्टी हवी म्हणून ती बदलत नाही. म्हणजे खरी पावरी घ्यायची तर सगळे गाणे तिच्या सुराला आणावे लागते. कीबोर्डातली पावरी मात्र बटण दाबताच कुठल्याही पट्टीत सरकते. म्हणून एकट्या माणसाला तीच परवडते, आणि नाच तिच्यावरच उठतो.

कीबोर्डातली पावरी म्हणजे सॅम्पल, खऱ्या वाद्याच्या आवाजाचे मुद्रण; ते कोणीतरी कधीतरी फुंकलेले असते. त्या आदिवासी वादकाचे नाव कीबोर्डातही नसते आणि व्हिडिओखालीही नसते. चाल रचणाऱ्यांचे म्हणणे असे की स्वर आम्ही निवडले, तर वाजवले आम्हीच. यात तथ्य आहे, पण निम्मेच. यंत्रात स्वर भरून वाजवून घेण्याला ‘प्रोग्रामिंग’ हा शब्द उपलब्ध आहे; काही जण तो लिहितातही. बहुतेकांना तो कारकुनी वाटतो. हौशी गावकऱ्याने ‘हाई पावरी कोन वाजाडस?’ असे विचारले, तर ‘प्रोग्रामिंग’ सांगून त्याचे समाधान होत नाही, हेही खरे.