जुन्या डिझेल पिकअपची ओढ : अमेरिकेतील चार दशकांच्या सुधारणांची पार्श्वभूमी

अमेरिकेत गुरांचे, घोड्यांचे किंवा मुक्कामाचे मोठे ट्रेलर ओढण्यासाठी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या डिझेल पिकअप आजही रोजच्या कामाला जुंपलेल्या दिसतात आणि त्यांच्या मालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : इंजिनाची ताकद किती वाढवता येईल? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. ताकद वाढवणे या इंजिनांत फारसे अवघड कधीच नव्हते. ती ताकद लांबलचक चढावर सलग वापरताना निर्माण होणारी उष्णता कुठून बाहेर पडणार, हा खरा पेच होता आणि आहे. कोणती सुधारणा आधी करावी आणि कोणती टाळावी, हे त्या त्या इंजिनाचा जन्म कशासाठी झाला हे पाहिल्यावर बरेचसे उलगडते.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकी वाहन कंपन्या डिझेलकडे वळल्या त्या इंधन वाचवण्यासाठी, ओझे ओढण्यासाठी नव्हे. जनरल मोटर्सने १९७८ मध्ये ओल्ड्समोबिलचे ५.७ लिटरचे व्ही-८ डिझेल मोटारींबरोबर हलक्या पिकअपमध्येही दिले. त्याच्या हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट डिझेलच्या दाबाला पुरे पडत नसत, इंधनातील पाणी वेगळे करणारी सोय नव्हती, आणि डिझेलचे नाव तिथे बरीच वर्षे खराब झाले. १९८२ चे त्याच कंपनीचे ६.२ लिटरचे इंजिन त्याहून भरवशाचे होते, पण त्याची ताकद जेमतेम १३० अश्वशक्ती होती. फोर्डने १९८३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६.९ लिटरचे इंजिन बसवले, ते सुमारे १७० अश्वशक्तीपर्यंत गेले. ही दोन्ही इंजिने टर्बोविना, म्हणजे एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याविना, होती आणि दोन्हींत इंधन थेट सिलिंडरमध्ये न सोडता आधी एका लहानशा प्री-चेंबरमध्ये सोडले जाई.

टर्बो नसण्याचा अर्थ सपाटीवर फारसा जाणवत नाही, तो डोंगरात कळतो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोतील आंतरराज्य महामार्ग ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फूट उंचीवर आहे, म्हणजे ६.२ लिटरचे इंजिन तिथे पोहोचेपर्यंत आपल्या ताकदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा विरळ हवेत हरवून बसलेले असते, आणि मागचा ट्रेलर मात्र तेवढ्याच वजनाचा राहतो.

टर्बोचार्जरचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्येच घेतले होते आणि जहाजांच्या इंजिनांत तो रुळलेला होता. पिकअपसाठी तो आणला तो मोटार कंपन्यांनी नव्हे, तर बाहेरून सुटे भाग पुरवणाऱ्यांनी. कॅलिफोर्नियातील गेल बँक्स यांच्या कंपनीने १९८० च्या दशकात ६.२ आणि ६.९ लिटरच्या इंजिनांसाठी टर्बोचे तयार संच विकायला सुरुवात केली, आणि जुन्या पिकअपची ओढ वाढवण्याचा आजचा व्यवसाय बऱ्याच अंशी तिथून वाढला. कारखान्यातून टर्बो बसवलेले इंजिन मिळायला जनरल मोटर्सच्या ग्राहकांना १९९२ च्या ६.५ लिटरची आणि फोर्डच्या ग्राहकांना १९९३ ची वाट पाहावी लागली. मात्र प्री-चेंबरच्या या इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) एकवीसच्या आसपास, म्हणजे मुळातच खूप जास्त असल्याने टर्बोचा दाब माफकच ठेवावा लागतो. तो हावरेपणाने वाढवला की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्या मधला गळती रोखणारा थर) आधी जाते. त्यांच्याकडून उंचीवर हरवणारी ताकद परत मिळवणे एवढीच अपेक्षा ठेवली, तर ती अजूनही निष्ठेने काम करतात.

खरे वळण १९८९ मध्ये आले. डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले, आणि ते मुळी पिकअपसाठी बनलेलेच नव्हते. शेतीची व बांधकामाची यंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी आखलेल्या मालिकेतले ते इंजिन होते : ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप चालवायला पट्टा किंवा साखळी नव्हे तर दातेरी चाके, इंधन थेट सिलिंडरमध्ये, आणि टर्बो पहिल्या दिवसापासून. अश्वशक्ती १६०, म्हणजे त्या वेळच्या फोर्डपेक्षा कमीच. पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० पाउंड-फूट, आणि तोही मिनिटाला अवघ्या १७०० फेऱ्यांवर. ओझे ओढणाऱ्याला हवी असते ती हीच गोष्ट, की गिअर न उतरवता, इंजिन न रडवता चढ संपावा.

१९९१ च्या मध्यावर या इंजिनाला टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर मिळाला आणि १९९४ मध्ये बॉशचा पी-७१०० हा इनलाइन डिझेल पंप. पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या पंपात आहे. त्याच्या गव्हर्नरवरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेवरच्या) डब्यात पोलादाची एक लहानशी पट्टी असते. पंपाची दांडी किती पुढे सरकेल, म्हणजे जास्तीत जास्त किती इंधन जाईल, हे त्या पट्टीच्या कडेचा आकार ठरवतो. पट्टी थोडी पुढे सरकवली, घासली किंवा बदलली की इंधन वाढते, आणि हे काम साध्या पान्यांनी घरच्या अंगणात होते. एवढ्या सोप्या रीतीने एवढी ताकद वाढवू देणारी फार थोडी इंजिने आजवर झाली असतील. ट्रॅक्टर-खेचीच्या धर्तीवरच्या स्पर्धांत हीच इंजिने धुराचे लोट सोडत उतरू लागली आणि तिथले उपाय हळूहळू ट्रेलर ओढणाऱ्यांच्या गाड्यांतही आले. इथे मोठी गल्लत झाली असे मला मनापासून वाटते. स्पर्धेतली खेच काही सेकंदांत संपते. घाटाची चढण पंधरा-वीस मिनिटे संपत नाही.

इंधन वाढले आणि हवा तेवढीच राहिली, तर उरलेले इंधन उशिरा आणि अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये मोजलेले सुमारे १२५० अंश फॅरनहाइट हे तापमान सलग ओढीसाठी वरची मर्यादा म्हणून मानले जाते, कारण त्यापुढे ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा आणि टर्बोची पाती धोक्यात येतात. म्हणून जाणते मेकॅनिक इंधनाला हात लावण्याआधी पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मीटर, बसवायला सांगतात. आणि तो टर्बोच्या नंतर बसवला तर आकडा शेदोनशे अंशांनी कमी दिसून फसगत होते, हेही सांगतात. त्यानंतर मोकळा एअर फिल्टर, मोकळे एक्झॉस्ट, स्वच्छ इंटरकूलर, आणि कमी फेऱ्यांवरच दाब देणारा मध्यम आकाराचा टर्बो. स्पर्धेतला मोठा टर्बो १७०० फेऱ्यांवर जागाच होत नाही, आणि नेमके तिथेच ओझे इंजिनाच्या छातीवर बसलेले असते.

इंजिन टिकले म्हणजे सारे टिकले असेही नाही. १९९० च्या दशकातील डॉजचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मूळ टॉर्कलाच कसेबसे पुरे पडत, आणि मॅन्युअल एनव्ही-४५०० मध्ये पाचव्या गिअरचा नट इंजिनाच्या कंपनांनी सैल होऊन पाचवा गिअर निकामी होत असे. कमिन्समध्येच पुढच्या गिअरकेसच्या मागे एक लहान डॉवेल पिन (केस नेमक्या जागी बसवणारी खुंटी) असते; ती निसटून दातेरी चाकांत पडली तर केस फुटते आणि त्याहून मोठे नुकसानही होते. तिच्यावर पत्र्याची एक टिकली बसवून ती जागच्या जागी अडकवणे हे महागड्या टर्बोपेक्षा आधी करण्याचे काम आहे. फोर्डच्या ७.३ लिटरच्या प्री-चेंबर इंजिनात कूलंटमध्ये योग्य रसायन नसेल तर बुडबुड्यांच्या माऱ्याने सिलिंडरची भिंत बाहेरून झिजते; अशा इंजिनाला टर्बो जोडण्यापूर्वी कूलंट तपासणे आले.

पुढे सूत्रे इलेक्ट्रॉनिक्सकडे गेली. १९९४ च्या मध्यात आलेल्या फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये इंजेक्टर इंजिन ऑइलच्या उच्च दाबावर चालत आणि संगणक त्यांना हुकूम देई; त्या संगणकाच्या मागच्या बाजूला चिप खोचली की इंधनाचे गणित बदलत असे. डॉजने १९९८ च्या मध्यावर आणलेला इलेक्ट्रॉनिक व्हीपी-४४ पंप मात्र नाजूक निघाला : त्याला इंधन पुरवणारा लिफ्ट पंप थकला की तोही जळे. त्यामुळे त्या गाड्यांत चिपच्या आधी चांगला लिफ्ट पंप आणि इंधनदाबाचा मीटर लागतो. २००१ मध्ये जनरल मोटर्स आणि इसुझु यांच्या ६.६ लिटर ड्युरामॅक्सने कॉमन रेल तंत्र (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन) आणि ३०० अश्वशक्ती एकदमच आणली.

२००७ पासून धुराचे फिल्टर आले, आणि ते काढून टाकण्याचा धंदाही वाढला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये असा अंदाज दिला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण नियंत्रक यंत्रणा काढली गेली होती. असे करायला तिथल्या स्वच्छ हवा कायद्याची मनाई आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर ती स्वतः गाडीमालकालाही लागू होते. जुन्या गाडीवर मुळात जे बसवलेले होते, तेही याला अपवाद नाही.

इंजिन कितीही सुधारले तरी कंपनीने ठरवलेली ओढीची मर्यादा बदलत नाही, कारण ती चासी, ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांवरही अवलंबून असते. उताराचा धडा तर फार जुना आहे. १९३१ मध्ये कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला डिझेल ट्रक नेत असताना कॅलिफोर्नियातील कॅहॉन घाटात ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी मालगाडी रूळ ओलांडत होती आणि ट्रक तिच्यापासून थोडक्यात वाचला. त्या प्रसंगाने त्यांच्या मनात इंजिनालाच ब्रेक बनवण्याची कल्पना रुजली आणि जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये ती बाजारात आणली. पिकअपला साधा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे एक्झॉस्टची वाट अडवून इंजिनाला मंदावणारी झडप, चालतो. फक्त बारा झडपांच्या जुन्या कमिन्सवर तो पूर्ण जोराने वापरायचा असेल, तर मागच्या दाबाने एक्झॉस्ट झडपा उघडू नयेत म्हणून त्यांच्या स्प्रिंगा आधी कडक घालून घ्याव्या लागतात.